सासूबाईंना माहीत नसलेली गोळी

काकू, नमस्कार.

नाव छापू नका. माहेर गडहिंग्लजकडचं, सासर कसबा बावड्यात. मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. एकच मुलगा, आठ वर्षांचा.

मला पहिली आकडी सोळाव्या वर्षी आली, कॉलेजच्या मैदानावर. तेव्हापासून फिटची गोळी चालू. लग्न ठरताना आई म्हणाली, बोलायचं नाही. गोळ्यांच्या पट्ट्या ती भडंगाच्या डब्यात तळाला ठेवून पाठवायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रात्री आकडी आली तेव्हा मालकांना कळलं. ते एक शब्द बोलले नाहीत, तेव्हापासून गोळ्या तेच आणतात. सासूबाईंना मात्र आजही माहीत नाही.

दिवस राहिले तेव्हा गोळी चालूच होती. माझं लग्न झालंय हे डोक्याच्या डॉक्टरांना माहीत होतं, पण त्यांनी कधी काही सांगितलं नाही. बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी फाइलवर गोळीचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, चालू ठेवा. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. अजून नजर देत नाही, शाळेत एका जागी बसत नाही. गेल्या दिवाळीनंतर पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी त्याचा चेहरा नीट बघितला, रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं आणि मला विचारलं, "हा पोटात असताना कुठली औषधं चालू होती?" आठ वर्षांत हे विचारणारे ते पहिलेच. तपासणीत दुसरं काही निघालं नाही. गोळीमुळे असण्याची शक्यता जास्त, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. सासूबाई म्हणतात, कुणाची तरी नजर लागली. पाच रविवार त्या त्याला जोतिबाला घेऊन गेल्या.

थेरपीच्या ठिकाणी दोघीजणी भेटल्या. कागलच्या एकीला आकडीसाठी हीच गोळी होती. पन्हाळ्याकडच्या दुसरीला तर अर्धशिशीसाठी दिलेली. बाकावर बसून बोलता बोलता आम्ही तिघीही रडलो.

मग मी मावसबहिणीला सांगितलं. तिचं लग्न ठरलंय, तिलाही तीच गोळी. मी म्हणाले, "अगं, ही गोळी वाईट, माझ्या पोराकडं बघ." तिनं कुणाला न विचारता बंद केली. पाचव्या दिवशी शेगडीपाशी उभी असताना आकडी आली. हात भाजला. मावशी माझ्याशी बोलायची बंद झालीय.

काकू, मला लढायचंय. आमच्यासारख्या आणखी किती असतील, त्यांना गाठायचंय. पण तोंड उघडलं की कुणीतरी भाजतं. मालक म्हणतात, झालं ते झालं, पोराकडं बघ. काय करू? आणि सासूबाईंना न कळता हे करता येईल का?

एक आई, कसबा बावडा


पोरी,

तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून तू म्हणते.

तुझं पत्र वाचताना मी भडंगाच्या डब्यापाशी थांबले. माझ्या धाकट्या आत्यालाही आकडी यायची. आमच्याकडे तिला फेफरं म्हणत. आली की कुणी नाकाला कांदा लावायचं, कुणी चप्पल. गोळी तिला कधी मिळालीच नाही. विहिरीवर धुणं धुवायला गेली आणि परत आली नाही, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. हे आधी सांगते, कारण मी या गोळीची वैरीण नाही हे तुला ठाऊक असावं. सोळाव्या वर्षापासून तू उभी आहेस, रस्ता ओलांडतेस, पोराला कडेवर घेऊन जिना चढलीस, ते या गोळीच्या जिवावर. पोटुशी असताना तू ती मनानंच टाकली असतीस आणि मोठी आकडी आली असती, तर तुम्हा दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. कागदावर 'चालू ठेवा' लिहिलं होतं आणि तू चालू ठेवलीस. रात्री दोनला जागी होऊन तू जो हिशोब मांडत असशील ना, त्यात ही ओळ पहिली लिही.

आता गोळीबद्दल. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड किंवा डायव्हॅल्प्रोएक्स लिहिलेलं असतं. वरचं नाव कंपनीगणिक बदलतं, आतलं औषध एकच. आकडीवर ते चांगलं लागू पडतं. काही प्रकारच्या आकडीला याच्याइतकं दुसरं कशानं आवरत नाही, म्हणून डॉक्टर त्याच्याकडे वळतात. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर आणि अर्धशिशीवरही देतात, त्यामुळे तुझी पन्हाळ्याची मैत्रीण यात कशी आली याचं नवल वाटायला नको. पण गर्भावर होणारा परिणाम गंभीर आहे. एरवी शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः मोठं व्यंग असतं. आई ही गोळी घेत असेल तर ते प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं व्यंग त्यात येतं. आणि शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना बोलणं, शिकणं, मिसळणं यात अडचणी येतात, स्वमग्नता म्हणजे ऑटिझमही त्यात आला. डोस जितका मोठा तितका धोका मोठा, मात्र अमुक डोसला अजिबात धोका नाही असं कुणाला म्हणता आलेलं नाही. फॉलिक ॲसिडची गोळी देतात ती द्यावीच, पण तिनं हा धोका पुसला जात नाही.

याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेव. शंभरातली साठ-सत्तर मुलं शाळेत बाकीच्यांसारखीच शिकतात. म्हणून आई ही गोळी घेत होती एवढ्यावरून मुलाच्या त्रासाचं कारण तेच, असं ठरत नाही. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही. चेहऱ्याची ठेवण, वाढीचा इतिहास, आईची औषधं असं सगळं बघून आणि दुसरी कारणं बाजूला काढून डॉक्टर त्या निष्कर्षाला येतात. तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. त्यांचा तो कागद जप. आणि कागलच्या व पन्हाळ्याच्या मैत्रिणींनी अशी तपासणी केली नसेल, तर त्यांच्या मुलांबद्दल 'गोळीनंच झालं' असं तूही ठामपणे बोलू नकोस.

हे धोके लोकांना कळले कधी? व्यंगांचा संशय १९७० च्या दशकापासून होता. फ्रान्समधल्या ल्योंच्या डॉक्टरांनी मणक्याच्या व्यंगाबद्दल १९८२ मध्ये लिहिलं. मुलांच्या बुद्धीवर होणाऱ्या परिणामाचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. सहा वर्षांच्या मुलांत, आयांनी ही गोळी घेतलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी ९७ आणि दुसऱ्या गोळ्या घेतलेल्यांचा १०५ ते १०८. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये इशारा कडक केला. तुझा मुलगा त्यानंतर जन्मला. म्हणजे तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, असं तुला कुणी सांगितलं तर ते खरं नाही. माहीत होतं, फक्त ते बावड्यापर्यंत पोचलं नाही.

का पोचलं नाही, हे ब्रिटनच्या गोष्टीवरून कळतं. तिथे ही गोळी बाजारात येत असताना, १९७३ मध्ये, औषधांच्या सरकारी समितीपुढे हा प्रश्न आला होता. डॉक्टरांना सांगावं, पण पाकिटातल्या चिठ्ठीत लिहू नये, बायका उगाच घाबऱ्या होतील, असं तेव्हा ठरलं. किती मायाळू विचार! त्या मायेपायी पुढची कित्येक वर्षं बायकांना कुणी नीट सांगितलं नाही. जेनेट विल्यम्स आणि एमा मर्फी या दोघी आया, दोघींना अपस्मार म्हणजे आकडीचाच आजार, दोघींच्या मुलांना या गोळीचा त्रास. २०१२ मध्ये दोघींनी मिळून संघटना काढली. २०१८ पासून युरोपात आणि ब्रिटनमध्ये नियम कडक झाले. मूल होऊ शकेल अशा बाईला ही गोळी द्यायची, तर गर्भ राहू नये याची सोय हवी, आणि वर्षातून एकदा तज्ज्ञ डॉक्टर आणि ती बाई दोघांनी धोका समजून कागदावर सही करायची. २०२० मध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशी अहवालानं बायकांचं म्हणणं खरं ठरवलं आणि सरकारनं माफी मागितली. २०२४ च्या फेब्रुवारीत रुग्णसुरक्षा आयुक्त हेन्रिएटा ह्यूज यांनी प्रत्येक बाधिताला सुरुवातीचे एक लाख पौंड द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे हातात पैसे नव्हेत, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको. फ्रान्समध्ये मारीन मार्तां या आईनं २०११ मध्ये अशीच संघटना उभी केली. तिथे मात्र संसदेनं भरपाईची सरकारी व्यवस्था केली आणि औषधाच्या खोक्यावर गरोदर बाईचं लाल काट मारलेलं चित्र आलं.

आपल्याकडेही असं झालेलं आहे, फक्त आपण विसरलो. दिवस गेलेत का हे बघायला जास्त मात्रेच्या संप्रेरकांच्या गोळ्या द्यायची पद्धत होती. त्यानं गर्भाला धोका आहे म्हणून १९८२ मध्ये केंद्र सरकारनं बंदीचा आदेश काढला. कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती आणली. बायकांच्या आणि आरोग्याच्या संघटना हटल्या नाहीत. १९८७ मध्ये मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये ती औषधं गेली. सहा वर्षं लागली.

आता तुझ्या मावसबहिणीकडे येते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे आणि तू ते लाजून सांगितलंस.

१९७३ साली त्या समितीतल्या माणसांना वाटलं, बायका घाबरतील, म्हणून ते गप्प बसले. आज तुला तेच वाटतंय. फरक एवढाच की तुझ्या डोळ्यांसमोर खरोखर हात भाजलाय. पण ती का पडली, याचा नीट विचार कर. तू तिला अर्धंच वाक्य सांगितलंस. 'गोळी वाईट' हे अर्धं. उरलेलं अर्धं असं: 'गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नाही, आणि दिवस जाण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन बदलता येते का विचारायचं.' डॉक्टरांनी तुला सांगितलं ते 'चालू ठेवा', हेही अर्धंच होतं. दोन्ही अर्ध्यांनी माणसं भाजली. तुमचं काम पुढे शंभर जणींपर्यंत गेलं तरी हे वाक्य तोडू नका. कागदावर छापाल तर दोन्ही भाग एकाच ओळीत आणि एकाच आकाराच्या अक्षरांत छापा.

दिवस जाण्याआधी हे मुद्दाम म्हणते. बाळाच्या पाठीचा कणा ज्यापासून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन बाई नाव नोंदवायला जाईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून प्रसूतिगृहाच्या दारात पत्रकं वाटून फार साधणार नाही. तुमची जागा दुसरीकडे आहे. डोक्याच्या डॉक्टरांच्या ओपीडीतला बाक, मेडिकलचं काउंटर, आणि आशा ताईची वही. गावात कुणाचं लग्न झालं, कुणाला मूल हवंय, हे आशा ताईला सगळ्यांच्या आधी कळतं. केमिस्टांच्या जिल्हा संघटनेकडे जा आणि एकच गोष्ट मागा: या औषधाची पट्टी बाईच्या हातात देताना सोबत मराठी चिठ्ठी द्यायची. त्याला कायदा बदलावा लागत नाही. मुंबई-दिल्लीची वाट न बघता कोल्हापुरात सुरू होईल असं हे काम आहे.

आणि मावसबहीण? तिचं लग्न ठरलंय, झालेलं नाही. आत्ताच तर वेळ आहे. लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरासिटाम अशा दुसऱ्या गोळ्या आहेत, त्यांचा गर्भाला धोका बराच कमी आहे. सगळ्यांना त्या लागू पडतात असं नाही आणि बदल हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत करावा लागतो. मावशीच्या दारात जा. आधी भाजल्याबद्दल माफी माग, मग म्हण, "डॉक्टरांकडे मी घेऊन जाते." मावशी बोलणार नाही. तरी जा.

आता लढाईचं. आपल्या गावाला मोर्चाची सवय आहे. टोल हाकलला, हायकोर्टाचं सर्किट बेंच दशकानुदशकं मागितलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणलं. त्यामुळे तुमच्या तिघींपैकी कुणाच्या तरी दिराच्या डोक्यात बिंदू चौकातून त्या दवाखान्यावर मोर्चा काढायचं येणारच. काढू देऊ नका. दवाखान्याची काच फुटली की दुसऱ्या दिवशी पेपरात काच येईल, गोळी येणार नाही. फौजदारी तक्रारीच्याही मी विरुद्ध आहे. डॉक्टरांवर गुन्हा सिद्ध व्हायला निष्काळजीपणा फार ढळढळीत असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलंय. त्यात तुमची वर्षं जातील, आणि जिल्ह्यातला प्रत्येक डॉक्टर तुमच्याकडे पाठ फिरवेल. तुम्हाला तर तेच डॉक्टर सोबत हवेत.

आधी कागद. तुझ्याकडच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनं लाव, मेडिकलची बिलं सापडतील तेवढी काढ. मालकांच्या पाकिटात, दुचाकीच्या डिकीत बघ, पुरुष असले कागद तिथेच कोंबतात. दोन्ही दवाखान्यांना लेखी अर्ज देऊन तुझ्या नोंदींच्या प्रती माग आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असं डॉक्टरांच्या आचारनियमांत २००२ पासून आहे. मात्र नोंदी जपायचं बंधन तीनच वर्षांचं, तेव्हा 'राहिल्या नाहीत' असं उत्तर येऊ शकतं. ते उत्तरही लेखी घे. तुझ्या बाळंतपणाच्या फाइलवरची ती ओळ, गोळीचं नाव आणि पुढे 'चालू ठेवा', ती मूळ फाइल कुणाच्या हातात देऊ नकोस, वकिलाच्यासुद्धा. झेरॉक्स दे.

त्याच आठवड्यात आणखी एक कर. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला आहे. तिथे डॉक्टरच नव्हे, रुग्णही स्वतः नोंद करू शकतो, आणि त्याचा मराठीत अर्ज आहे. फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. तिघींनीही वेगवेगळी नोंद करा. त्यातून भरपाई मिळणार नाही. पण 'आमच्याकडे अशा तक्रारीच नाहीत' असं उद्या कुणी म्हणालं, तर तुमचे तीन क्रमांक असतील. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवतात. केरळच्या बायकांबद्दल आपल्याला जे कळतं ते त्या वहीमुळे.

दाव्याबद्दल खरं सांगते, गोड लागणार नाही. खासगी डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ मध्येच ठरलंय, आणि जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरात आहे. पण तक्रारीची मुदत दोन वर्षांची. तुझं म्हणणं राहील की कारण कळलं ते गेल्या दिवाळीनंतर, तेव्हा घड्याळ तिथून चालू व्हावं. समोरचा वकील म्हणेल, बाळ जन्मलं तेव्हापासून. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण तो हक्कानं मागता येत नाही, कारण पटवून द्यावं लागतं. म्हणून वाट बघू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, नवऱ्याचा पगार कितीही असला तरी. फोन १५१००. दुसरं म्हणजे दावा निष्काळजीपणाचा असला की दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला कचरतो, पुण्या-मुंबईत शोधावं लागेल. गोळी देणं चूक होती, असा तुझा दावा होऊ शकत नाही. तुला सांगितलं नाही, निवड करू दिली नाही, हा होतो. रुग्णाची संमती समजून-उमजून असावी लागते हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये बजावलंय. दावा कर की नको, हे मी सांगणार नाही. वकिलाचं ऐक, मग तिघींनी मिळून ठरवा. मला विचारशील तर मावसबहिणीला डॉक्टरांकडे नेणं त्याच्याआधी.

मालक म्हणतात, पोराकडे बघ. ते अर्धं बरोबर बोलतात. लढाईच्या निकालावर पोराची थेरपी थांबवून ठेवायची नाही. त्याचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर काढ. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही आहेत, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं की सवलती लागू होतात. ऑनलाइन अर्ज, मग सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, तपासणी. एका फेरीत होणार नाही, पोराला खायला बरोबर ने. स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व लिहून मिळालं तर निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात त्यात बसतो. शाळेचं अडत असेल तर शेंडा पार्कला चेतना ही विशेष मुलांची शाळा आहे, एकदा जाऊन बघून ये. ज्या गावात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीत बसून एवढी मोठी संस्था उभी केली, त्या गावात दिव्यांग मुलाच्या आईनं तोंड लपवून हिंडावं हे मला सोसत नाही. असो, हा माझा राग झाला.

राहता राहिल्या सासूबाई. तो प्रश्न तू पत्राच्या शेवटी घाईत विचारलास. मला तर तोच पहिला वाटतो.

न कळता करता येईल का? थोडे दिवस येईल. नोंद करता येईल, कागद गोळा करता येतील, बाकावर बसून बोलता येईल. पुढे नाही. ज्या दिवशी तू मेडिकलच्या काउंटरवर दुसऱ्या बाईला म्हणशील 'मीही घेत होते', त्या दिवशी ते बावड्यात पोचलेलं असेल. आणि मला असंही वाटतं की या सगळ्याचं मूळ भडंगाच्या त्या डब्यात आहे. तुझ्या आईला मी दोष देत नाही. अगदी १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे लग्नाला अडसर मानलेले होते. त्या वर्षी तो शब्द काढला. कायद्यातून गेला, पण तुझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांच्या बैठकीत तो बसलेलाच होता. जी गोळी घरात लपवावी लागते तिच्याबद्दल बाई दवाखान्यातही मोकळेपणानं विचारत नाही. नणंद सोबत आली, सासू सोबत आली की गप्प बसते. तू तरी फाइलवर नाव लिहवून घेतलंस. कित्येकजणी तेही करत नाहीत.

तुझ्या सासूबाईंना मी ओळखत नाही, पण पाच रविवार त्या नातवाला घेऊन जोतिबाचा डोंगर चढल्या. दोष सुनेला न देता त्यांनी नजरेला दिला. या बाईला खरं कारण कळायचा हक्क आहे, आणि कदाचित ते पेलायची ताकदही आहे. एकटीनं सांगू नकोस. मालकांना सोबत घे. गेली कितीतरी वर्षं ते गुपचूप गोळ्या आणतायत, म्हणजे हे गुपित त्यांचंही आहे. पुढाकार त्यांनी घ्यावा. 'आई, हिला फिटचा त्रास आहे, मला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे' हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की सुनेनं फसवलं हा आरोप अर्धा तिथेच गळतो. दुपारची वेळ बघ, पोरगा थेरपीला किंवा झोपलेला असताना. त्या चिडतील. 'एवढी वर्षं?' म्हणतील. तेवढं ऐकून घ्यावं लागेल, कारण तो प्रश्न रास्त आहे. घरात मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव आणि आधी मला पुन्हा लिही.

तुझ्या आईलाही एक फोन कर. नातवाचा त्रास कशामुळे हे तिला कळलंय का, याबद्दल तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस. डबा तिनं भरला होता. तीही रात्रीची जागी असेल.

सासूबाईंना सांगितल्यावर काय झालं ते कळव. छापणार नाही. आणि कागलच्या मैत्रिणीला एवढं आठवणीनं विचार, तिची गोळी अजून चालू आहे का आणि तिला दुसरं मूल हवंय का. हवं असेल तर तिला या आठवड्यातच डॉक्टरांकडे पाठव, तोवर गोळी चालू ठेवून.

तुझी काकू